व्हिडिओ एन्कोडिंगसाठी अ‍ॅक्सिलरेटर कार्ड: निवड, जोडणी आणि दर्जाची पारख

व्हिडिओ एन्कोड करताना, म्हणजे तो कमी जागेत बसेल असा दाबताना, प्रोसेसरचा बहुतेक वेळ एका शोधात जातो. चालू फ्रेममधला प्रत्येक ठोकळा आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये कुठे सापडतो, हे एन्कोडर हुडकत असतो. सापडला की तो भाग पुन्हा साठवावा लागत नाही. ठोकळा किती आणि कुठे सरकला याची नोंद आणि उरलेला किरकोळ फरक एवढंच लिहून भागतं. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबण्याची आणि उलगडण्याची ठरलेली पद्धत) हा ठोकळा १६ × १६ पिक्सेलचा होता. २०१३ च्या एचईव्हीसीमध्ये तो ६४ × ६४ पर्यंत गेला आणि २०१८ च्या एव्ही१ मध्ये १२८ × १२८ पर्यंत. तो आणखी लहान तुकड्यांत कसा फोडायचा, याचे पर्यायही दर पिढीत वाढत गेले. म्हणूनच नवा कोडेक तोच दर्जा कमी जागेत बसवतो, पण एन्कोड व्हायला फार जास्त वेळ घेतो.

अ‍ॅक्सिलरेटर कार्डावर, म्हणजे एन्कोडिंगचं काम प्रोसेसरकडून आपल्याकडे घेणाऱ्या वेगळ्या कार्डावर, हा शोध सॉफ्टवेअर करत नाही, त्यासाठी चिपमध्येच मंडल (सर्किट) आखलेलं असतं. त्यामुळे वेग मिळतो आणि वीज कमी लागते. त्याची किंमतही आहे. एक्स२६५ सारखा सॉफ्टवेअर एन्कोडर एका ठोकळ्यासाठी हवे तेवढे पर्याय तपासून पाहू शकतो; चिपला ठरलेल्या वेळात ठरलेलेच पर्याय पाहता येतात. एन्कोडरची रचना सुधारली तर सॉफ्टवेअर नव्याने उतरवून घेता येतं, सिलिकॉन मात्र जसं छापलं तसंच राहतं.

माझं ठाम मत असं, की कार्ड विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरा वेग ठरतो तो फ्रेम कार्डापर्यंत कोणत्या वाटेने जातात आणि वाटेत किती वेळा इकडून तिकडे कॉपी होतात यावर. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या वाटेबद्दलच आहेत.

## आधी मोजा, मग खरेदी

एन्कोडिंग म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात निदान तीन कामं असतात: मूळ फाइल उलगडणं म्हणजे डिकोडिंग, मधले फिल्टर (आकार बदलणं, नॉइज काढणं, रंग बदलणं, सबटायटल चिकटवणं), आणि शेवटी एन्कोडिंग. कार्ड प्रामुख्याने तिसरं काम घेतं. पहिल्या दोघांत वेळ जात असेल तर कार्ड बसवूनही फारसं काही बदलणार नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. नेहमीच्या कामातली दोन-तीन मिनिटांची एक क्लिप घ्या आणि एफएफएमपेग या आज्ञांवर चालणाऱ्या व्हिडिओ साधनातून ती तीनदा चालवा. पहिल्या वेळी फक्त डिकोड करा आणि आउटपुटचा प्रकार ‘नल’ द्या, म्हणजे काहीच लिहिलं जाणार नाही. दुसऱ्या वेळी तुमचे नेहमीचे फिल्टर लावा, आउटपुट पुन्हा ‘नल’. तिसऱ्या वेळी पूर्ण एन्कोड करा. प्रत्येक वेळी दर सेकंदाला किती फ्रेम होतात तो आकडा लिहून ठेवा.

समजा, नुसतं डिकोडिंग ४०० फ्रेमच्या वेगाने होतंय, फिल्टर लावल्यावर ९० आणि पूर्ण एन्कोड करताना २०. तुम्ही दर सेकंदाला ३०० फ्रेम एन्कोड करणारं कार्ड बसवलं, तर एकूण वेग ३०० होणार नाही. तो ९० च्या आसपास अडकेल, कारण फिल्टर अजून प्रोसेसरवरच आहेत. वीसचे नव्वद म्हणजे साडेचार पट, हे चांगलंच आहे. पण पंधरा पटीच्या अपेक्षेने खरेदी केली असेल तर कार्डाला दोष दिला जाईल आणि खरा अडथळा जागेवरच राहील. नॉइज काढणारे जड फिल्टर वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर दुसरा आकडा तिसऱ्याच्या इतका जवळ असतो, की आधी फिल्टरचाच विचार करावा.

डिस्कही एकदा पाहून घ्या. कॅमेऱ्यातली हलक्या कॉम्प्रेशनची फाइल साध्या हार्ड डिस्कवरून वाचताना, किंवा नेटवर्कवरच्या साठ्यातून ओढताना, डिकोडिंगचाच आकडा घसरलेला दिसतो. तीच क्लिप एसएसडीवर कॉपी करून पुन्हा मोजली की लगेच कळतं.

## तुमचं काम कोणत्या प्रकारचं

एकदा एन्कोड करून वर्षानुवर्षं ठेवायचं असेल, आणि जागा वाचवणं महत्त्वाचं असेल, तर सॉफ्टवेअर एन्कोडरचा संथ प्रीसेट (वेग आणि दर्जाच्या पर्यायांचा तयार संच) आजही वरचढ आहे. तिथे कार्ड घेऊ नये असंच मी सांगेन. प्रोसेसर रात्री रिकामाच असतो. त्याला काम करू द्या.

थेट प्रक्षेपण, देखरेखीच्या कॅमेऱ्यांचे प्रवाह, घरातल्या मीडिया सर्व्हरवर वेगवेगळ्या उपकरणांसाठी जागच्या जागी होणारं रूपांतर, किंवा एडिटिंगनंतर ग्राहकाला पाठवायच्या कच्च्या प्रती, इथे गणित उलटं होतं. फ्रेम वेळेत निघाली नाही तर दर्जाला अर्थच उरत नाही. अशा कामात कार्ड लावलंच पाहिजे.

एकाच स्रोतातून सहा-सात वेगवेगळे आकार बनवायचे असतील, म्हणजे ४के पासून ३६० पी पर्यंतची पूर्ण शिडी, तर कार्डाचा फायदा सगळ्यात जास्त. एकदा डिकोड केलेली फ्रेम कार्डाच्या स्मृतीतच राहते आणि तिच्यापासून सगळे आकार तिथेच तयार होतात. मोठ्या व्हिडिओ सेवा याच कारणासाठी स्वतःच्या चिप बनवण्यापर्यंत गेल्या. गूगलने २०२१ मध्ये आपल्या व्हिडिओ चिपविषयी जो शोधनिबंध मांडला, त्यात आधीच्या सॉफ्टवेअर व्यवस्थेच्या तुलनेत २० ते ३३ पट कार्यक्षमता मिळाल्याचं नोंदवलं आहे. मेटानेही २०२३ मध्ये स्वतःची व्हिडिओ चिप जाहीर केली.

## कार्ड निवडताना

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ज्यांच्या एका कोपऱ्यात एन्कोडरचं स्वतंत्र मंडल असतं. इंटेलचं क्विक सिंक २०११ पासून प्रोसेसरमध्येच येतंय, एनव्हिडियाचं एनव्हीएन्क २०१२ पासून. एएमडीनेही २०१२ मध्येच सुरुवात केली. दुसरी जात फक्त व्हिडिओसाठी बनवलेल्या कार्डांची: एएमडीचं अल्वेओ एमए३५डी, नेटिंटची क्वाड्रा मालिका वगैरे. अल्वेओ एमए३५डी २०२३ मध्ये जाहीर झालं, आणि एका कार्डावर १०८०पी चे ६० फ्रेमवाले ३२ प्रवाह, दर प्रवाहाला सुमारे एक वॉट, असा कंपनीचा दावा आहे. क्वाड्रा तर एसएसडीच्या आकारातही मिळतं आणि एनव्हीएमई प्रोटोकॉलवरच बोलतं, त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कच्या खणात बसतं. एकट्यादुकट्या संगणकासाठी ही दुसरी जात सहसा अनावश्यक असते. डझनावारी प्रवाह चोवीस तास चालवायचे असतील तेव्हाच ती परवडते.

ग्राफिक्स कार्ड निवडताना सगळ्यात मोठा गैरसमज असा, की महाग कार्ड म्हणजे वेगवान एन्कोडिंग. एन्कोडरचं मंडल गेम चालवणाऱ्या कोअरपासून वेगळं असतं आणि एकाच पिढीतल्या स्वस्त-महाग कार्डांत बऱ्याचदा तेच असतं. इंटेल आर्कच्या ए३८० या लहान कार्डात आणि ए७७० या मोठ्या कार्डात दोन-दोन मीडिया इंजिनं आहेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० मध्ये एक एन्कोडर आहे, ४०९० मध्ये दोन. किमतीतला फरक मात्र दुपटीहून खूप जास्त.

याहून धोकादायक सापळा म्हणजे एन्कोडर मुळातच नसलेली कार्डं. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्ये एनव्हीएन्क नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मध्ये एन्कोडर काढून टाकलेला आहे. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट, ए१०० आणि एच१०० ही एनव्हिडियाची अवाढव्य डेटा सेंटर कार्डं: त्यांत डिकोडर आहेत, एन्कोडर एकही नाही. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ‘सगळ्यात ताकदीचं कार्ड’ निवडून एन्कोडिंगला बसणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. तिथे टी४ किंवा एल४ सारखं लहान कार्डच हवं.

पिढी मात्र नक्की पाहा. एनव्हिडियाच्या २०१८ च्या ट्यूरिंग पिढीत दर्जात मोठी झेप होती आणि एचईव्हीसीत बी-फ्रेमही (आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही फ्रेमचा आधार घेणाऱ्या) तिथूनच आल्या. एव्ही१ एन्कोडिंग हवं असेल तर आरटीएक्स ४० मालिका, इंटेल आर्क, किंवा एएमडीची आरएक्स ७००० मालिका आणि त्यापुढचं. आरटीएक्स ३० मालिका एव्ही१ फक्त उलगडू शकते. कॅमेऱ्यातून १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या) एचईव्हीसी फाइल येत असतील, तर डिकोडिंगची बाजू आधी तपासा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला आणि आर्कला ते जमतं. एनव्हिडियाला ते थेट आरटीएक्स ५० मालिकेत आलं. संगणकात आधीच असा इंटेल प्रोसेसर असेल तर त्याचं क्विक सिंक बायोसमधून चालू करून वरची मोजणी एकदा करून पाहा. कित्येकांना नव्या कार्डाची गरजच पडत नाही.

## बसवताना स्लॉट आणि हवा

मदरबोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची एक मार्गिका) असतो, पण आतून बऱ्याचदा चारच लेन जोडलेल्या असतात. त्याने बिघडतं का, हे एका हिशोबाने कळेल.

कॉम्प्रेस न केलेली ४के ची एक ८ बिट फ्रेम सुमारे १२.४ मेगाबाइटची असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास ७५० मेगाबाइट. १० बिट असेल तर स्मृतीत प्रत्येक नमुन्याला १६ बिट लागतात, म्हणजे दुप्पट, साधारण दीड गिगाबाइट. आता चौपट वेगाने एन्कोड करायचं असेल तर सेकंदाला सहा गिगाबाइट कार्डाकडे ढकलावे लागतील. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या चार लेनमधून एका दिशेने चार गिगाबाइटही पुरते जात नाहीत. कार्ड अर्धवट रिकामं बसेल आणि दोष कुठे आहे ते कळणारही नाही.

पण तीच मूळ फाइल कॉम्प्रेस केलेल्या रूपातच कार्डावर पाठवली, डिकोडिंग, फिल्टर आणि एन्कोडिंग तिन्ही तिथेच झालं, तर ५० मेगाबिटच्या प्रवाहासाठी सेकंदाला सहा-सात मेगाबाइट पुरतात. चौपट वेगाला पंचवीस. मग चार लेन काय, एक लेनही पुष्कळ. म्हणजे स्लॉटचा प्रश्न खरं तर फ्रेमच्या वाटेचा आहे. जोडणीचा वेग तपासताना एक लक्षात ठेवा: कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला जोडणी खालच्या वेगावर उतरते. म्हणून एन्कोड चालू असतानाच आकडा बघा.

डेटा सेंटरची कार्डं घेतली तर हवेचा विचार आधी करा. टी४, एल४ आणि अल्वेओ यांच्यावर पंखा नसतो. सर्व्हरच्या पेटीतला जोराचा झोत त्यांच्या पात्यांतून जाईल असं गृहीत धरलेलं असतं. साध्या डेस्कटॉपमध्ये बसवलं की काही मिनिटांत तापमान चढतं आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. पंखा आणि हवेची नळी यांची सोय करता येत नसेल तर पंखा असलेलं साधं कार्ड घेणंच शहाणपणाचं.

आर्क कार्डासाठी बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर एएसपीएम ही वीजबचतीची सोयही चालू ठेवा, नाहीतर कार्ड रिकामं असतानाही बरीच वीज खातं.

## ड्रायव्हर आणि पहिली खातरजमा

विंडोजवर निर्मात्याचा ताजा ड्रायव्हर टाकला की बहुतेक काम होतं. लिनक्सवर थोडं लक्ष द्यावं लागतं. इंटेल आणि एएमडीसाठी कर्नल पुरेसा नवा हवा, मीडिया ड्रायव्हर वेगळा बसवावा लागू शकतो, आणि तुमचं खातं ‘रेंडर’ गटात असावं लागतं. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर रेंडरचं डिव्हाइस कंटेनरला स्पष्टपणे द्यावं लागतं. ‘कार्ड दिसतंय पण एन्कोडर उघडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही परवानगीच असते.

मग इंटेल-एएमडीसाठी ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा चालवा. कोणता कोडेक नुसता डिकोड होतो आणि कोणता एन्कोड होतो, याची यादी मिळते. एनव्हिडियासाठी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा; त्यात कार्ड आणि ड्रायव्हर दिसतात, कोडेकची यादी मिळत नाही. शेवटी एफएफएमपेगला उपलब्ध एन्कोडरची यादी विचारा आणि त्यात एनव्हीएन्क (एनव्हिडिया), क्यूएसव्ही (इंटेलचं क्विक सिंक), एएमएफ (एएमडी) किंवा व्हीएएपीआय (लिनक्सवर इंटेल-एएमडी) अशी नावं आहेत का ते पाहा. फक्त यादीत नाव असणं पुरेसं नाही. यादी सांगते की एफएफएमपेग त्या सोयीसह बांधलंय. तुमच्या कार्डात ते मंडल आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. दहा सेकंदांची क्लिप प्रत्यक्ष एन्कोड झाली, की मगच खात्री धरा. अल्वेओसारख्या कार्डांना निर्मात्याने बांधून दिलेलं खास एफएफएमपेग लागतं. साधं चालत नाही.

## फ्रेम कार्डावरच राहू द्या

इथेच सर्वांत जास्त वेग हरवतो, म्हणून थोडं थांबून पाहू.

बहुतेक जण एन्कोडरचं नाव तेवढं बदलतात. मग काय होतं? प्रोसेसर फाइल डिकोड करतो, फ्रेम मुख्य स्मृतीत ठेवतो, तिथून ती कार्डावर कॉपी होते, कार्ड एन्कोड करतं. थोडे पुढे गेलेले लोक हार्डवेअर डिकोडिंगही चालू करतात. पण फ्रेम कार्डाच्या स्मृतीतच ठेव असं वेगळं सांगितलं नाही, तर एफएफएमपेग डिकोड झालेली फ्रेम परत मुख्य स्मृतीत आणतं आणि एन्कोडिंगसाठी पुन्हा कार्डाकडे पाठवतं. दोन फेऱ्या. कधीकधी ही रीत प्रोसेसरवर डिकोड करण्यापेक्षाही संथ पडते, आणि मग हार्डवेअर डिकोडिंग निरुपयोगी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून तीन गोष्टी एकत्र हव्यात. इनपुटच्या आधी ‘एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल’ हा पर्याय, त्याच्यासोबत ‘एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल_आउटपुट_फॉरमॅट’, आणि दोन्हींची किंमत तुमच्या कार्डाप्रमाणे कूडा (एनव्हिडिया), क्यूएसव्ही किंवा व्हीएएपीआय. तिसरी गोष्ट म्हणजे फिल्टरही त्याच घराण्याचे. आकार बदलायला साध्या ‘स्केल’ऐवजी ‘स्केल_कूडा’, इंटेलवर ‘व्हीपीपी_क्यूएसव्ही’, व्हीएएपीआयसाठी ‘स्केल_व्हीएएपीआय’. मध्येच एखादा प्रोसेसरवरचा फिल्टर घुसवला तर एफएफएमपेग बहुधा त्रुटी दाखवून थांबतं. ही त्रुटी उपकारक समजा. ती टाळायला फ्रेम खाली आणून पुन्हा चढवणारे ‘एचडब्ल्यूडाउनलोड’ आणि ‘एचडब्ल्यूअपलोड’ हे फिल्टर आहेत, पण ते वापरलेत की दोन फेऱ्या तुम्ही जाणूनबुजून पत्करल्या. सबटायटल चिकटवण्यासारख्या कामात त्याला इलाज नसतो.

आज्ञांऐवजी खिडकीतल्या बटणांवर चालणारी साधनं या बाबतीत कमी मोकळीक देतात. हँडब्रेकमध्ये हार्डवेअर एन्कोडर निवडता येतो, पण बरेचसे फिल्टर प्रोसेसरवरच चालतात. नको असलेले बंद केले तरी वेग लक्षणीय वाढतो. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या साधनात दुसरं कार्ड फक्त एन्कोडिंगसाठी बसवायची कल्पना आकर्षक वाटते, पण दृश्य पहिल्या कार्डावर जुळवलं जातं आणि प्रत्येक फ्रेम दुसऱ्याकडे कॉपी करावी लागते. एकाच कार्डावर दोन्ही कामं ठेवून गेमचा फ्रेम दर थोडा मर्यादित करणं हे बहुधा जास्त स्थिर ठरतं.

काम चालू असताना योग्य आकडा पाहा. ग्राफिक्स कार्डाचा एकूण वापर पाच-दहा टक्केच दिसला तरी एन्कोडर पूर्ण भरलेला असू शकतो, कारण तो आकडा बऱ्याचदा गेमवाल्या कोअरचा असतो. ‘एनव्हिडिया-एसएमआय डीमॉन’मध्ये एन्कोडर आणि डिकोडरचे वेगळे रकाने असतात, इंटेलसाठी ‘इंटेल_जीपीयू_टॉप’ आहे, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ एन्कोडचा वेगळा आलेख निवडता येतो. एन्कोडरचा रकाना शंभराजवळ असेल तर वाट मोकळी आहे. तो चाळीसवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण भरलेला असेल, तर कुठेतरी फ्रेम खाली उतरतेय.

## दर्जाच्या कळा

सॉफ्टवेअर एन्कोडरचे आकडे हार्डवेअरला जसेच्या तसे लावू नका. एक्स२६४ मधला सीआरएफ २० आणि एनव्हीएन्कमधला सीक्यू २० हे दोन्ही दर्जा ठरवणारे आकडे असले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. आकडा सारखा असला तरी दर्जा आणि फाइलचा आकार जुळत नाहीत.

एनव्हीएन्कमध्ये प्रीसेट पी१ ते पी७ असतात. पी१ सगळ्यात वेगवान, पी७ सगळ्यात काटेकोर. साठवणीच्या फाइलसाठी पी६ किंवा पी७, ‘ट्यून’ उच्च दर्जाचा, बदलता बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) आणि सीक्यूने ठरवलेला दर्जा, अशी सुरुवात करा. सीक्यू वापरताना सरासरी बिटरेटची किंमत शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर एफएफएमपेगचा मूळचा २ मेगाबिटचा आकडा आड येऊ शकतो आणि चित्र का चिरफाळतंय ते कळत नाही. जागेनुसार आणि काळानुसार बिट वाटणारे दोन्ही एक्यू पर्याय चालू करा, लुकअहेड (पुढच्या किती फ्रेम आधी पाहून ठेवायच्या) २० ते ३२ फ्रेम ठेवा, बी-फ्रेम तीन किंवा चार. यात लुकअहेड आणि बी-फ्रेम यांनी सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि वेगावर होणारा परिणाम त्या मानाने थोडाच असतो.

क्विक सिंकमध्ये ‘ग्लोबल_क्वालिटी’ हा आकडा सीक्यूसारखं काम करतो आणि प्रीसेटची नावं एक्स२६४ च्या धर्तीवर आहेत. एएमडीच्या एएमएफमध्ये वेग, समतोल आणि दर्जा अशा पातळ्या असतात, दर्जाची निवडा.

थेट प्रक्षेपणात स्थिर बिटरेट, दर दोन सेकंदांना एक कीफ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम) आणि कमी विलंबाचा ट्यून. इथे एनव्हीएन्कची एक खोड माहीत असावी: ठरावीक वेळेला कीफ्रेम सक्तीने टाकायला सांगितली, तरी ‘फोर्स्ड-आयडीआर’ हा पर्याय चालू नसेल तर ती खरी आयडीआर फ्रेम, म्हणजे जिथून प्रवाह स्वतंत्रपणे सुरू करता येतो अशी फ्रेम, नसते. मग तुकड्यांत विभागलेला प्रवाह नेमक्या जागी कापला जात नाही आणि दर्जा बदलताना प्लेअर अडखळतो.

८ बिटच्या स्रोतालाही एचईव्हीसी किंवा एव्ही१ मध्ये १० बिट एन्कोड करून पाहा. आकाशासारख्या सलग रंगछटांत पट्टे दिसणं कमी होतं आणि बहुतेक नव्या कार्डांवर वेग फारसा घटत नाही. एच.२६४ मात्र ८ बिटच ठेवा, कारण त्याचं १० बिट रूप उलगडणारी उपकरणं फार थोडी आहेत.

## डोळ्यांनी आणि व्हीमॅफने पारखा

दर्जा तोलायला व्हीमॅफ हे मोजमाप वापरा. नेटफ्लिक्सने ते २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि एफएफएमपेगमधून ते चालवता येतं. मूळ क्लिप आणि एन्कोड केलेली क्लिप शेजारी देऊन ० ते १०० मध्ये गुण मिळतात.

पण एकाच बिटरेटवर एकदा मोजून निकाल लावू नका. तीन-चार बिटरेट घ्या, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर दोन्हींचे गुण कागदावर मांडा. मग प्रश्न असा विचारा: सॉफ्टवेअरच्या ९४ गुणांना हार्डवेअरला किती जास्त बिट लागतात? तो वाढीव आकार आणि वाचलेला वेळ यांतलं काय तुम्हाला महाग आहे, ते तुम्हीच ठरवू शकता. सरासरीवर भिस्त ठेवू नका. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचे गुण पाहा, कारण हार्डवेअर एन्कोडर झटापटीच्या दृश्यांत, पावसात, उडत्या कागदांच्या गर्दीत आणि दृश्य बदलताना घसरतात. बाकी वेळी सरासरी छान दिसत राहते.

तुलना करताना दोन्ही क्लिपच्या फ्रेम एकमेकींशी नेमक्या जुळल्या पाहिजेत. एक फ्रेम मागेपुढे झाली तरी गुण कोसळतात आणि निष्कारण एन्कोडरवर खापर फुटतं. अंधाऱ्या दृश्यांतले पट्टे व्हीमॅफला नीट पकडता येत नाहीत. तिथे अंधाऱ्या खोलीत, चांगल्या पडद्यावर, डोळ्यांनीच बघावं.

## आणखी वेग हवा असेल तर

एक प्रवाह कार्डाला पुरता भरत नसेल तर दोन-तीन फाइल एकदम चालवा. दोन एन्कोडर असलेल्या कार्डावर तर एकाच कामाने दुसरं मंडल रिकामं राहू शकतं. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांवर एकाच वेळी किती एन्कोड चालवायचे याची मर्यादा ड्रायव्हर घालतो. ती सुरुवातीला दोन-तीन होती, २०२३ मध्ये पाच झाली आणि २०२४ मध्ये आठ. व्यावसायिक कार्डांच्या वरच्या मॉडेलांना ही मर्यादा नाही.

एकच लांब फाइल असेल तर ती कीफ्रेमपाशी तुकड्यांत कापून समांतर एन्कोड करता येते. दोन पथ्यं पाळा. प्रत्येक तुकड्याचं बिटवाटप नव्याने सुरू होतं, म्हणून सरासरी बिटरेटऐवजी दर्जाचा आकडा धरून एन्कोड करा. आणि ध्वनी तुकड्यांत कापू नका. ध्वनीचा एएसी एन्कोडर प्रत्येक सुरुवातीला थोडे जादा नमुने घालतो, त्यामुळे सांध्यावर टक् असा आवाज येतो किंवा ध्वनी हळूहळू मागे पडतो. ध्वनी सलग एन्कोड करून शेवटी जोडा.

## रोजच्या वापरात आणण्यापूर्वी

काम आपोआप चालणार असेल तर प्रत्येक फाइलनंतर तीन गोष्टी तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहा: फ्रेमची संख्या मूळ फाइलइतकी आहे का, ध्वनी आणि चित्राची लांबी जुळते का, आणि रंगाची माहिती टिकली का. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) फाइलमध्ये तिसरी गोष्ट हमखास निसटते. चित्र १० बिट असतं, पण मास्टरिंगची माहिती वाटेत गळून पडते आणि टीव्हीवर रंग फिके दिसतात. मूळ फाइल हे सगळं तपासून झाल्याशिवाय पुसू नका.

कार्डाने एखादी फाइल नाकारली तर काम थांबू नये, ती आपोआप सॉफ्टवेअर एन्कोडरकडे जावी. जुन्या इंटरलेस (एकाआड एक ओळी साठवलेल्या) फाइल, विचित्र आकाराच्या फ्रेम, १० बिट एच.२६४, अशा फाइल येतातच. अशा फाइलींची वेगळी नोंद ठेवली की कोणत्या प्रकारच्या स्रोतावर कार्ड अडतं ते थोड्या दिवसांत स्पष्ट होतं.

ड्रायव्हर बदलण्याआधी आधीच्या आवृत्तीची प्रत ठेवा. नवा टाकल्यावर सुरुवातीला मोजलेली तीच क्लिप त्याच पर्यायांनी पुन्हा चालवा आणि वेग, फाइलचा आकार, व्हीमॅफचा खालचा एक टक्का, हे तिन्ही आकडे जुन्यांशेजारी मांडा. वेग वाढला आणि खालचा टक्का घसरला असेल, तर जुना ड्रायव्हर परत बसवा.